राज्यावर दावा : प्रस्तावना

सरकारनेच कायदा मोडला आणि त्यात एखाद्याचे नुकसान झाले, तर त्याने दाद कुठे मागायची? न्यायालयात, असे उत्तर आपल्या तोंडून सहज निघते. अमेरिकेच्या संघराज्यात या उत्तराला सव्वादोनशे वर्षांहून जुनी एक अट जोडलेली आहे. प्रतिवादी राज्य सरकार असेल, दावा फेडरल न्यायालयात लावलेला असेल आणि मागणी झालेल्या नुकसानीच्या भरपाईची असेल, तर चूक कोणाची होती या प्रश्नापर्यंत प्रकरण बहुधा पोचतच नाही. आमच्या संमतीशिवाय आमच्यावर दावा चालत नाही, एवढे राज्याचे वकील सांगतात आणि न्यायाधीश दावा काढून टाकतात. साक्षी होत नाहीत, कागद तपासले जात नाहीत, खरे-खोटे ठरत नाही. या संरक्षणाला तिथल्या कायद्यात सॉव्हरिन इम्युनिटी म्हणतात. हे पुस्तक त्याविषयी आहे.

विषय वकिलांपुरता वाटेल. पण या खटल्यांतले वादी कोण होते ते पाहिले की हा समज टिकत नाही. ओव्हरटाइमचे पैसे मागणारे प्रोबेशन अधिकारी, कर्करोगावरचे उपचार घेऊन कामावर परतलेली परिचारिका, चाकांच्या खुर्चीवर असलेला आरोपी, सरकारी मदतीची वाट पाहणारे वृद्ध आणि अंध अशी ही माणसे आहेत. त्यांचे हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते. ते बजावून घ्यायला जागा आहे की नाही, एवढाच वाद होता. माझ्या मते साऱ्या विषयाचे सार इथेच आहे. हक्क देणारा कायदा आणि तो मिळवून देणारे न्यायालय यांच्या मध्ये अमेरिकेने राज्याची संमती आणून बसवली. मग ती चुकवण्यासाठी इतक्या आडवाटा काढल्या की त्या ज्याला ठाऊक त्याचे निभावते, ज्याला ठाऊक नाहीत तो खरा असूनही हरतो.

पुढची प्रकरणे वाचताना मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे न्यायालयांची एकच उतरंड आहे. तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीच न्यायालये राज्याचा कायदाही लावतात आणि केंद्राचाही. अमेरिकेत पन्नास राज्यांची आपापली न्यायालये आहेत आणि त्यांच्या जोडीला फेडरल सरकारची स्वतंत्र न्यायालये आहेत. फेडरल न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतात आणि त्यांची नेमणूक तहहयात असते. राज्यांच्या न्यायाधीशांना मात्र बहुतेक ठिकाणी या ना त्या स्वरूपात मतदारांसमोर जावे लागते. त्यामुळे ज्याचे गाऱ्हाणे राज्य सरकारविरुद्ध आहे त्याला फेडरल न्यायालय अधिक तटस्थ वाटते. आणि राज्यांना नेमके तिथेच ओढले जाणे नको असते.

या कथेची सुरुवात उधारीवर घेतलेल्या मालापासून होते. १७७७ साली स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना जॉर्जिया राज्याच्या दोन प्रतिनिधींनी शेजारच्या दक्षिण कॅरोलायनातील रॉबर्ट फार्कर या व्यापाऱ्याकडून सैन्यासाठी कापड आणि कपडे घेतले. किंमत सुमारे १ लाख ६९ हजार डॉलर होती. माल पोचला, पैसे आले नाहीत. राज्याचे म्हणणे असे की आम्ही रक्कम आमच्या प्रतिनिधींच्या हाती दिली होती. त्यांनी ती पुढे पोचवली नसेल तर व्यापाऱ्याने त्यांनाच विचारावे. १७८४ मध्ये फार्कर वारला. त्याच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक अलेक्झांडर चिझम यांनी वसुलीसाठी जॉर्जिया राज्यावरच दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चिझम यांच्या बाजूने उभे राहिले एडमंड रँडॉल्फ, जे त्या वेळी देशाचे ॲटर्नी जनरल होते. त्या काळी त्यांना खासगी वकिलीही करता येत असे. युक्तिवादात जॉर्जियाने भागच घेतला नाही. आम्हाला बोलावण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, ही त्या राज्याची भूमिका होती.

१८ फेब्रुवारी १७९३ रोजी निकाल लागला तो चार विरुद्ध एक असा, चिझम यांच्या बाजूने. राज्यघटना घडवणाऱ्यांपैकी एक असलेले न्यायमूर्ती जेम्स विल्सन आणि पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांची मते आजही वाचण्याजोगी आहेत. त्यांच्या विचाराचा गाभा असा होता : इंग्लंडात राजा सार्वभौम आहे, म्हणून त्याच्याच न्यायालयात त्याला खेचता येत नाही. इथे राजा नाही. इथे सार्वभौम कोणी असेल तर ती जनता, आणि राज्य ही तिने आपल्या सोयीसाठी उभी केलेली संस्था. साधा माणूस करार मोडला म्हणून न्यायालयात उत्तर देतो, मग अशा माणसांनी मिळून केलेल्या राज्याने का देऊ नये? न्यायमूर्ती जेम्स आयरडेल यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. जुन्या इंग्रजी कायद्यात असा दावा कधीच नव्हता आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो नव्याने निर्माण केलेला नाही, असे त्यांनी दाखवले.

निकालाने राज्ये हादरली. युद्धाच्या कर्जाखाली बहुतेकांच्या तिजोऱ्या दबलेल्या होत्या. शिवाय ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या लोकांच्या मालमत्ता राज्यांनी जप्त केल्या होत्या आणि ते लोकही आता दावे लावू लागले होते. अशाच एका दाव्याची नोटीस मॅसॅच्युसेट्सला आली तेव्हा गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. जॉर्जियाच्या कनिष्ठ सभागृहाने तर हा निकाल अंमलात आणू पाहणाऱ्याला फाशी द्यावी असे विधेयक मंजूर केले. त्याचा कायदा मात्र झाला नाही. निकालानंतर दोन दिवसांच्या आत काँग्रेसमध्ये घटनादुरुस्तीचा ठराव आला. १७९४ मध्ये तो सिनेटमध्ये २३ विरुद्ध २ आणि प्रतिनिधिगृहात ८१ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. फेब्रुवारी १७९५ पर्यंत पुरेशा राज्यांनी तो स्वीकारला. ही अमेरिकेची अकरावी घटनादुरुस्ती. सर्वोच्च न्यायालयाचा एखादा निकाल फिरवण्यासाठी झालेली ती पहिली घटनादुरुस्ती होय.

तिचा मजकूर एका वाक्याचा आहे. दुसऱ्या राज्याच्या किंवा परदेशाच्या नागरिकाने एखाद्या राज्याविरुद्ध आणलेला दावा फेडरल न्यायालयांच्या कक्षेत येतो असा राज्यघटनेचा अर्थ लावू नये, एवढेच ती सांगते. स्वतःच्या राज्याविरुद्ध दावा लावणाऱ्या नागरिकाबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. मजकुराचा आणि आजच्या कायद्याचा संबंध किती सैल आहे हे समजण्यासाठी इथे थांबायला हवे, कारण पुढे जे काही घडले ते या वाक्याबाहेर घडले.

१८७४ मध्ये लुईझियाना राज्याने कर्जरोखे काढले. त्यांवरचे व्याज देऊ, असा शब्द त्याने स्वतःच्या राज्यघटनेत घातला. पाच वर्षांनी नवी राज्यघटना आली आणि तिने तो शब्द मोडला. हान्स नावाच्या रोखेधारकाने दावा लावला. तो त्याच राज्याचा नागरिक होता, म्हणजे अकराव्या घटनादुरुस्तीच्या शब्दांत तो बसत नव्हता. तरीही १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत पाठवले. राज्यांचे हे संरक्षण घटनादुरुस्तीने दिलेले नाही, ते राज्यघटनेच्याही आधीपासूनचे आहे, घटनादुरुस्तीने त्याची फक्त आठवण करून दिली, असा न्यायालयाचा रोख होता. या निकालामागे काळाची एक छायाही अनेक इतिहासकारांना दिसते. यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेले फेडरल सैन्य १८७७ मध्ये मागे घेतले गेले होते आणि दक्षिणेतली राज्ये आपली जुनी देणी एकामागून एक नाकारत होती. न्यायालयाने पैसे द्यायला सांगितले असते, तर तो आदेश पाळून घ्यायला कोणी उरले नव्हते. आदेश पाळला जाणार नाही या भीतीतून जन्मलेला निकाल पुढे तत्त्व म्हणून शिकवला जाऊ लागला. त्यावर आजचा सगळा डोलारा उभा आहे.

मग सामान्य माणसाला वाट कशी मिळाली? ती मिनेसोटातून निघाली. १९०७ मध्ये त्या राज्याने रेल्वेचे दर कमी केले आणि कायदा मोडणाऱ्यांना इतक्या जबर शिक्षा ठेवल्या की तो घटनाबाह्य आहे का हे तपासण्यासाठीही कोणी तो मोडायला धजावू नये. रेल्वेच्या भागधारकांनी राज्याचे ॲटर्नी जनरल एडवर्ड यंग यांच्याविरुद्ध फेडरल न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. यंग यांनी दुसऱ्याच दिवशी राज्याच्या न्यायालयात कायदा लागू करण्याची कारवाई सुरू केली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना दंड झाला, ताब्यात घेण्यात आले, आणि सुटकेसाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे नाकारले. घटनेविरुद्ध कायदा राबवणारा अधिकारी त्या कृतीपुरता राज्याचा प्रतिनिधी राहत नाही, तो एक साधी व्यक्ती ठरतो, म्हणून त्याला रोखणे म्हणजे राज्यावर दावा नव्हे, अशी ही मांडणी. ती कृत्रिम आहे हे सगळे जाणतात. मनाई हुकूम नावाने यंग यांच्यावर असला तरी त्याने हात बांधले जातात ते राज्याचेच. पण ही कृत्रिम मांडणी नसती तर विसाव्या शतकातील नागरी हक्कांचे असंख्य आदेश निघालेच नसते. आज अमेरिकेत एखाद्या राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरतो तेव्हा प्रतिवादीच्या जागी बहुधा गव्हर्नर, ॲटर्नी जनरल किंवा एखाद्या खात्याच्या संचालकाचे नाव दिसते, त्याचे कारण हेच.

या वाटेला एक कुंपण १९७४ मध्ये पडले. इलिनॉय राज्यात वृद्ध, अंध आणि अपंग व्यक्तींना फेडरल मदतीने चालणाऱ्या योजनेतून भत्ता मिळत असे. अर्जाचा निकाल किती दिवसांत लावायचा याचे फेडरल नियम होते आणि राज्याने ते पाळले नव्हते. खालच्या न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या : यापुढे मुदत पाळा, आणि आजवर अडकवलेले पैसे चुकते करा. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पहिला भाग ठेवला आणि दुसरा काढून टाकला. उद्याच्या वागणुकीबद्दल अधिकाऱ्याला आदेश देता येईल. कालच्या थकबाकीसाठी राज्याच्या तिजोरीला हात लावता येणार नाही. या एका रेषेचा अर्थ अर्जदाराच्या जागी बसून पाहावा. नियम मोडून त्याचे महिनोन्‌महिने अडवलेले पैसे कायद्याने त्याचे होते हे सगळ्यांना मान्य होते. न्यायालयाने त्याला जे दिले ते पुढच्या अर्जदारासाठी होते. त्याचे स्वतःचे गेले ते गेलेच.

आता प्रश्न येतो की राज्य म्हणजे कोण. राज्य सरकार आणि त्याची खाती तर झालीच. पण तुरुंग प्रशासन, विद्यापीठ, परिवहन मंडळ, शाळा-मंडळ, काउंटी, महापालिका यांचे काय? काउंट्यांना हे संरक्षण नाही, हे न्यायालयाने हान्सच्याच वर्षी, १८९० मध्ये सांगितले. शहरेही त्याबाहेर आहेत, आणि १९७७ मध्ये ओहायोतील एका शाळा-मंडळालाही ते नाकारले गेले. उरलेल्या संस्थांसाठी न्यायालये काही गोष्टी तपासतात : राज्याचा कायदा त्या संस्थेला काय मानतो, तिच्यावर ताबा कोणाचा, आणि दावा हरल्यास पैसे कोणाच्या तिजोरीतून जाणार. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांच्या संयुक्त पोर्ट ऑथॉरिटीच्या रेल्वेत जखमी झालेल्या कामगारांचा दावा १९९४ मध्ये मान्य झाला, कारण ती संस्था स्वतःच्या उत्पन्नावर चालत होती आणि तिच्या देण्यांचा बोजा राज्यांवर पडत नव्हता. उलट राज्य विद्यापीठे बहुतेक वेळा राज्याचाच भाग ठरतात. परिणाम असा की एकाच गावात, एकाच कायद्याखाली, एकाच प्रकारचा अन्याय झाला, तर महापालिकेच्या नोकराला भरपाई मिळू शकते आणि राज्य विद्यापीठाच्या नोकराला मिळत नाही.

काँग्रेस कायदा करून हे संरक्षण काढून घेऊ शकते का, हा या विषयातला सर्वांत तापलेला भाग आहे. १९७६ मध्ये न्यायालय म्हणाले की यादवी युद्धानंतरच्या चौदाव्या घटनादुरुस्तीने समान संरक्षण अंमलात आणण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. त्या अधिकाराखाली ती राज्यांना दाव्यासाठी उभे करू शकते. नोकरीत वंश, लिंग किंवा मूळ देश यांवरून केलेल्या भेदभावाबद्दल राज्यावर आजही दावा लावता येतो तो यामुळे. पण १९९६ मध्ये फ्लोरिडातील सेमिनोल या मूळनिवासी जमातीच्या प्रकरणात न्यायालयाने दुसरीकडून दार लावले. काँग्रेसने १९८८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार जमातींच्या जमिनीवरील जुगारघरांबाबत राज्यांनी सद्‌भावनेने वाटाघाटी करायच्या होत्या, आणि न केल्यास जमातीला फेडरल न्यायालयात जाता येणार होते. व्यापाराच्या नियमनाचा अधिकार कितीही व्यापक असला तरी त्यातून राज्यांचे संरक्षण काढता येत नाही, असा पाच विरुद्ध चार मतांचा निकाल लागला.

या निकालाचा पुढचा फटका मेन राज्यातील प्रोबेशन अधिकाऱ्यांना बसला. ओव्हरटाइम देणारा फेडरल कायदा राज्यांना लागू आहे, यात वाद नव्हता. त्यांचा फेडरल न्यायालयातला दावा सेमिनोल निकालामुळे गेला, म्हणून त्यांनी राज्याच्या न्यायालयात दावा लावला. १९९९ मध्ये तोही गेला. संमती नसेल तर राज्याला त्याच्या स्वतःच्या न्यायालयातही उभे करता येत नाही, असे पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ठरले, आणि या वेळी राज्यांच्या प्रतिष्ठेचा आधार घेण्यात आला. राज्य कायद्याला बांधलेले आहे, आणि ते कायदा पाळील असा विश्वास ठेवावा, असा त्याचा मथितार्थ. ज्यांचे पगार थकले होते त्यांना हा विश्वास कुठे वटवता येणार होता?

२००० साली वयावरून होणाऱ्या भेदभावाचे दावे गेले. २००१ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारिकेचा दावा गेला. ती परिचर्या विभागाची संचालक होती. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेऊन परतल्यावर तिला ते पद सोडावे लागले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा १९९० चा कायदा तिच्या बाजूने होता, पण नोकरीच्या बाबतीत त्याखाली राज्याकडून भरपाई मागता येत नाही, असे ठरले.

याच कायद्याखालचा एक दावा मात्र टिकला, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. टेनेसी राज्याच्या पोक काउंटीत जॉर्ज लेन यांना एका फौजदारी प्रकरणात हजर व्हायचे होते. ते चाकांच्या खुर्चीवर होते. न्यायकक्ष वरच्या मजल्यावर, इमारतीत लिफ्ट नाही. पहिल्या तारखेला ते हातांवर सरपटत जिना चढून वर गेले. पुढच्या तारखेला त्यांनी पुन्हा सरपटायला नकार दिला आणि अधिकाऱ्यांनी उचलून न्यावे हेही त्यांना मान्य नव्हते. ते खालीच थांबले. हजर राहिले नाहीत म्हणून त्यांना अटक झाली. ज्या राज्याने त्यांना बोलावले त्यानेच वर यायची वाट ठेवली नव्हती, आणि भरपाईचा प्रश्न आल्यावर तेच राज्य म्हणत होते की आमच्यावर दावा चालत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी लेन यांच्या बाजूने कौल दिला. न्यायालयात पोचण्याचा हक्क मूलभूत असल्यामुळे तेवढ्यापुरता काँग्रेसचा कायदा राज्यांना लागू होतो, असे ते कारण. एकच कायदा, परिचारिका हरली आणि आरोपी जिंकला. दोघांच्या निकालांत फरक पडला तो त्यांच्यावरच्या अन्यायाच्या तीव्रतेमुळे नव्हे, घटनेच्या कोणत्या कलमाशी तो जोडता आला त्यामुळे.

वाद अजून संपलेला नाही. ब्लॅकबिअर्ड या चाच्याचे बुडालेले जहाज १९९६ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ सापडले. त्याचे अवशेष वर काढण्याच्या कामाचे चित्रण वर्षानुवर्षे करणाऱ्या छायाचित्रकाराचे व्हिडिओ राज्याने परवानगीवाचून इंटरनेटवर टाकले. कॉपीराइटचा भंग झाल्याबद्दल राज्यावर दावा लावता येईल असा काँग्रेसचा कायदा होता. २०२० मध्ये न्यायालयाने तो निष्फळ ठरवला. दोन वर्षांनी मात्र इराकहून आजारी होऊन परतलेल्या राखीव दलातील सैनिकाला टेक्सास राज्यावर दावा लावण्याची मुभा मिळाली, कारण युद्ध आणि सैन्य यांबाबतचा अधिकार राज्यांनी संघराज्यात येतानाच सोपवलेला आहे, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले.

राज्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. सार्वजनिक पैसा कशावर खर्च करायचा हे निवडून आलेल्या सभागृहाने ठरवावे, न्यायाधीशांनी नव्हे, हा मुद्दा पोकळ नाही. १७९३ च्या काळात एकेक दावा राज्याचे दिवाळे काढू शकला असता, हेही खरे. संघराज्यात राज्य म्हणजे केंद्राचे खाते नव्हे. त्याला मान आहे. शिवाय राज्याने संमती दिली तर दावा चालतो. न्यू यॉर्कसारख्या राज्याने तर आपल्याविरुद्धच्या भरपाईच्या दाव्यांसाठी वेगळे न्यायालयच ठेवले आहे. फेडरल सरकार स्वतः राज्यावर दावा लावू शकते, एक राज्य दुसऱ्यावर लावू शकते. हे सगळे या पुस्तकात सविस्तर आले आहे आणि वाचकाने ते मोकळ्या मनाने वाचावे.

माझे मत मात्र बनलेले आहे आणि ते सांगणे मी कर्तव्य समजतो. ज्या भारामुळे राज्ये मोडतील असे सांगितले जाते तो भार अमेरिकेतील हजारो शहरे, काउंट्या आणि शाळा-मंडळे रोज वाहत आहेत. १९७८ पासून नागरी हक्कांच्या भंगाबद्दल शहरांवर थेट भरपाईचे दावे लागतात. ती विमा उतरवतात, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतात, चुका दुरुस्त करतात आणि कारभार चालवतात. ज्यांची तिजोरी लहान त्यांना हे जमते, तर कितीतरी मोठ्या तिजोरीच्या राज्यांना का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याच निकालपत्रात सापडलेले नाही.

फेडरल सरकारचे उदाहरणही हेच सांगते. त्यालाही असेच संरक्षण होते, आणि पीडितांना भरपाईसाठी काँग्रेसकडे खासगी विधेयके घेऊन जावे लागे. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात वाट चुकलेले लष्करी बी-२५ विमान न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळले आणि १४ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, बराच काळ रेंगाळलेला कायदा अखेर संमत झाला आणि कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल फेडरल सरकारवर दावा लावण्याची सोय झाली. १ जानेवारी १९४५ पासूनच्या घटना त्यात धरल्या, म्हणून त्या दुर्घटनेतील लोकांनाही तो लागू झाला. त्यात अपवाद पुष्कळ आहेत. सैनिकाला सेवेत झालेल्या दुखापतीबद्दल त्याखाली दाद मिळत नाही, हा त्यातला सर्वांत कडवट. तरीही सरकारने संमती देऊन टाकली आणि सरकार चालू राहिले.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने केंद्रावर आणि राज्यांवर दावा लावता येतो, पण त्या जबाबदारीची व्याप्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळाशी जोडलेली आहे. १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचे सोने-चांदी संशयावरून ताब्यात घेतले. सोने पोलिसांच्याच ताब्यातून एका हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. सराफाने भरपाई मागितली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली : जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम, म्हणून राज्य जबाबदार नाही. हा निकाल लिहिला तो साताऱ्यात जन्मलेल्या, मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. निकाल देताना त्यांनी ही स्थिती समाधानकारक नसल्याचे नोंदवले आणि विधिमंडळांनी कायदा करावा असे सुचवले. विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, हीच शिफारस केली होती. संसदेत विधेयके आली आणि बारगळली. पुढे कोठडीतील मृत्यूंसारख्या प्रकरणांत न्यायालयांनी मूलभूत हक्कांच्या आधारे भरपाई द्यायला सुरुवात केली आणि १९६४ च्या निकालाची धार पुष्कळ कमी झाली. कायदा मात्र आजही झालेला नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना या पुस्तकाचा थेट उपयोग आहे. त्यांपैकी कितीतरी जण राज्य विद्यापीठांत शिकवतात, संशोधन करतात, सरकारी रुग्णालयांत काम करतात. गाऱ्हाणे निर्माण झाले तर वकिलाकडे जाण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत : माझी संस्था राज्याचा भाग आहे की स्थानिक संस्था? मला झालेल्या नुकसानीची भरपाई हवी आहे की यापुढची वागणूक बदलून हवी आहे? माझा हक्क ज्या कायद्यात आहे तो राज्याचे संरक्षण काढून घेतो का, किंवा फेडरल अनुदान घेताना राज्याने ते सोडून दिले आहे का? आणि दावा कोणाच्या नावाने लावायचा? या प्रश्नांची उत्तरे उशिरा कळली तर मुदत निघून जाते.

इथल्या वाचकांना माझी विनंती वेगळी आहे. अमेरिकेने हा प्रश्न पाच विरुद्ध चारच्या निकालांवर सोडला आणि त्याची किंमत परिचारिकांनी, वृद्धांनी, पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांनी मोजली. आपणही तो न्यायालयांवरच सोडून दिला आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या चुकीने नुकसान झालेल्या नागरिकाला कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांत आणि कोणाकडून भरपाई मिळेल, हे सांगणारा स्पष्ट कायदा करणे हे संसदेचे आणि विधिमंडळाचे काम आहे. गजेंद्रगडकरांनी तो मागून साठ वर्षे झाली. आपल्या आमदार-खासदारांकडे आपण तो मागावा.